सहा अरबी तिकिटं

३ नोव्हेंबर
आज सौदा केला. मधूचा आणि माझा शाळेपासूनचा पोस्टाच्या तिकिटांचा जाडजूड अल्बम जरीपटका भागातल्या डीलरला दिला, बदल्यात सहा तिकिटं घेतली. पहिल्या महायुद्धानंतर सिरियात अरबांचं राज्य आलं, काही महिन्यांत गेलंही. तेवढ्यात त्यांनी तुर्कांच्या जुन्या तिकिटांवर आपल्या सरकारचं नाव छापून घेतलं. असा ओव्हरप्रिंट अख्ख्या विदर्भात कुणाकडे नसेल. मधूला विचारलं नाही. सरप्राइज.

५ नोव्हेंबर
साखरेच्या आजारानं मधूच्या किडन्या गेल्यात. हॉस्पिटलात म्हणाला, आपला अल्बम आण गा, एकदा पाहून घेतो. बाइंडिंगला दिलाय, असं सांगितलं. संकल्प: यापुढे आजारी माणसाशी खोटं बोलायचं नाही.

८ नोव्हेंबर, दुपारी
लेन्सखाली पाहिलं. पोस्टाचा शिक्का १९१४ चा. राज्य १९२० चं. शिवाय ओव्हरप्रिंट शिक्क्याच्या वर बसलाय. जीव घाबरा झाला. मग उलगडलं. गरीब सरकार, वापरलेलीच तिकिटं पुन्हा छापली असणार! म्हणजे आणखी दुर्मीळ. जेवण गेलं नाही, पण ते ॲसिडिटीमुळे.

११ नोव्हेंबर
आमच्या तिकीट-क्लबच्या अरुंधतीबाईंना दाखवली. म्हणाल्या, वरचं नाव कुणीतरी घरच्या प्रिंटरवर छापलंय. जळतात मेल्या.

१२ नोव्हेंबर
सहज जरीपटक्याला गेलो. अल्बम परत मागायला नव्हे. डीलर म्हणे, एक्सचेंज मतलब एक्सचेंज, अंकल. पानं फोडून केव्हाच विकली. मधूच्या अक्षरातली लेबलं कचऱ्याच्या डब्यात होती. वाईट वाटलं. फार वाटलं.

१४ नोव्हेंबर
नवा जाड अल्बम आणला, पहिल्या पानावर सहाही लावली, काही न बोलता मधूच्या हातात दिला. लेन्स नको म्हणाला. रिकामी पानंसुद्धा मायेनं उलटत होता. शेवटी म्हणाला, सगळं असली आहे गा, सांभाळून ठेव. याला म्हणतात नजर! घरी आणून कपाटात ठेवला. उद्या अरुंधतीबाईंना फोन.

१७ नोव्हेंबर
मधू गेला.
घाटावरून त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, यमुवहिनी, म्हणाल्या, आठ दिवसांपासून त्यांले काहीच दिसत नव्हतं भाऊजी, तुम्हाले सांगू देत नव्हते. पण तुम्ही तुमचा जुना अल्बम हाती दिला न, तवापासून लय शांत होते. मग म्हणाल्या, तेरवीले तो फोटोजवळ उघडून ठेवू, सगळे पाहतील. घेऊन याल न?
हो म्हणालो.