कच्चे टाके

नाशिक, ३ फेब्रुवारी २०२५

ती. नवसाआत्यास,
हर्षालीचा सा. न. वि. वि.

गोधडी मिळाली. कडा झकास झाल्यात. पण आत्या, तिच्यावरच्या नकाशातल्या देशांमधल्या चिरा तू शिवून टाकल्यास. तेच तर माझं चित्र होतं गं. इंग्रज जाता जाता पट्टीने रेघा मारून गेले, माणसं फाटली, अजून त्याच रेघांवर लढाया चालल्यात. म्हणून कांद्याच्या जुन्या गोण्यांचा नकाशा करून, जिथे रेघ तिथे मी मुद्दाम कापलं होतं. तुला फक्त कडा दुमडायच्या होत्या.

शुक्रवारी प्रदर्शन आहे, माझं पहिलंच. उसवताना गोणी फाटली तर माझी भिंत रिकामी राहील. फोनवर नुसती रडेन, म्हणून गावाकडे निघालेल्या रंगनाथदादाच्या हाती चिठ्ठी देतेय. काय करू ते कळव.

रागावले असले तरी तुझीच,
हर्षाली

चांदवड, ४ फेब्रुवारी

चि. हर्षूस,
अनेक आशीर्वाद.

अगं बये, फाटकी गोधडी घराबाहेर देत नाय आपल्यात, लोक शिवणारीला नावं ठेवत्यात. मला वाटलं पोरीची कात्री घसरली. पण जगाच्या नकाशातलं आपल्याला काय कळतंय, म्हणून मी कच्चेच टाके घातलेत. गाठ मारलेली नाय. टोक धरून हळू ओढ, सगळा दोरा सुरकन येईल. गोणीला धक्का लागायचा नाय.

एवढी शिकली, अन् कच्चा टाका वळखता आला नाय तुला. आता रडू नको, पोटभर जेव. इकडं रांगडा कांदा काढायला आलाय, बाकी बरं हाय.

आत्यावरची माया उसवू देऊ नको.
नवसाबाई

नाशिक, ८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सगळे दोरे निघाले, गोणी शाबूत. जीव भांड्यात पडला बघ. सुईची भोकं तेवढी राहिली, आणि काल लोक चिरांपेक्षा तीच जास्त बघत होते.

देवळालीचे एक सिंधी आजोबा आले होते. फाळणीत आईच्या कडेवर इकडे आलेले. त्यांनी सिंध आणि राजस्थानच्या मधल्या चिरेवरून बोट फिरवलं. भोकं हाताला लागली, तसं त्यांनी विचारलं, इथे कुणी शिवलं होतं का. मी सांगितलं, आमच्या आत्याने. बराच वेळ बोट तिथेच ठेवून ते उभे राहिले. जाताना म्हणाले, त्यांना माझा नमस्कार कळवा.

म्हणून या पत्रात दोन नमस्कार आहेत. एक माझा.

हर्षाली