तिसरी बरणी

सोमवार, २

आज घडलं ते असं:

१. गाडी वेळेवर पोचली.
२. खोली पसंत पडली. वरचा मजला, पूर्वेला खिडकी, टेबल डुगडुगत नाही.
३. प्रयोगशाळेत रुजू झाले. काम दुकानांचे आणि दवाखान्यांचे वजनकाटे तपासण्याचं.
४. ताईला फोन केला. सगळं सांगितलं, तरी तिने तेच पुन्हा विचारलं.
५. मी खूश आहे.

घरमालक निवृत्त विज्ञानशिक्षक आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही म्हणणार. काकू, म्हणजे त्यांची बायको, दारातच माझी एकुलती एक बॅग बघून म्हणाल्या की एवढ्याशा सामानात निभावणारी मुलगी एकतर फार शहाणी असते, नाहीतर घरातून पळून आलेली. मास्तरांचा भाचा बंड्या गॅरेजमध्ये कामाला आहे. त्याने बॅग वर नेली आणि धापा टाकत विचारलं की आत दगड भरलेत की काय. मला लोकांशी फारसं बोलायला जमत नाही. इथे त्याची गरजही पडणार नाही असं दिसतं. तिघं मिळून सहा जणांचं बोलतात.

शनिवार, ७

स्वयंपाकघरातल्या फळीवर तीन बरण्या आहेत. प्रत्येकीत एकाच पावाचा एकेक काप. पहिलीशी रोज सकाळी गोड बोलायचं, दुसरीला शिव्या घालायच्या आणि तिसरीकडे ढुंकूनही बघायचं नाही. शिव्यांचं खातं बंड्याकडे आहे. कामावर जाण्याआधी तो ते मनापासून सांभाळतो. मास्तर म्हणतात की दर वेळी तिसरीतलाच काप आधी सडतो. दुसरा त्यामानाने टिकतो, कारण शिवी द्यायला निदान त्याच्याकडे बघावं लागतं.

मी म्हटलं की झाकणं सैल असतील, नाहीतर कुणाचे तरी हात लागले असतील. मास्तर चिडतील असं वाटलं होतं, पण ते खुलले. म्हणाले, मग तूच लाव बघू बरण्या. मी बरण्या उकळून घेतल्या, हातमोजे घालून काप ठेवले आणि झाकणांवर मेण ओतलं. काकू म्हणाल्या की एवढी निगा तर त्यांनी बंड्याचीही कधी राखली नव्हती.

रविवार, १५

तिसरी बरणी आतून काळी झाली आहे. पहिली स्वच्छ, दुसरीवर तुरळक हिरवे ठिपके. तिन्ही झाकणांवरचं मेण शाबूत. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही, आणि ते मला खुपतंय.

जेवताना मी म्हटलं की पावावर माझा विश्वास नाही. खरं असेल तर माणसावरही दिसलं पाहिजे. काकू लगेच पहिली बरणी व्हायला तयार झाल्या. मास्तरांना म्हणाल्या, उभा जन्म तुमच्याबरोबर काढला, आता दोन आठवडे तरी गोड बोलून दाखवा. बंड्या दुसरी झाला. गॅरेजमध्ये तसंही त्याला धड नावाने कुणी हाक मारत नाही. तिसरी मी. तिघांत मला तेच सोपं वाटलं.

नियम मी ठरवले, कारण मास्तर हळवे आहेत. माझ्याशी बोलायचं नाही, माझ्याकडे बघायचं नाही, ताट वाढून ठेवायचं. मी मध्येच गयावया केली तरी उत्तर द्यायचं नाही. नमुन्यालाच प्रयोग थांबवता आला तर तो प्रयोग कसला! रविवारी, २९ तारखेला, मास्तर मला जेवायला हाक मारतील. त्या हाकेने प्रयोग संपेल. काकूंना गयावयाची अट पटली नाही. मी ती रेटली.

बुधवार, १८

फारच छान चाललंय. सकाळचा चहा शांतपणे घेता येतो. मास्तर आज काकूंना म्हणाले की त्यांच्या हातात जादू आहे. काकूंना एवढं हसू आलं की ठसका लागला. बंड्याला सगळे गाढव म्हणतात आणि तो तसाच ओरडून दाखवतो.

माझं ताट वाढायचं राहिलं होतं. मी माझं घेतलं.

मंगळवार, २४

प्रयोगशाळेत साहेबांच्या हातात अहवाल द्यायला गेले. त्यांनी हात पुढे केला नाही म्हणून टेबलावर ठेवला. तो उचलून त्यांनी बाहेर हाक मारून विचारलं की हा इथे कुणी ठेवला. मी समोर उभी होते. आमच्या प्रयोगाबद्दल साहेबांना काही माहीत नाही. मी कुणालाच सांगितलेलं नाही.

ताईला फोन लावला. तिने उचलला, हॅलो हॅलो केलं. मी बोलत होते. ती बाजूला कुणाला तरी म्हणाली की आवाजच येत नाही, आणि ठेवून दिला. पुन्हा केला नाही. ताईने. जी रोज करायची.

मोठ्या काट्यावर उभी राहिले. बावन्न किलो चारशे ग्रॅम. नेहमीइतकंच. तो काटा मी स्वतः तपासलेला आहे. म्हणजे मी आहे.

शुक्रवार, २७

नखांच्या कडा काळ्या पडल्यात. साबणाने जात नाही. कपड्यांना आंबूस वास.

काकूंना म्हटलं, पुरे आता. त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवलासुद्धा नाही, नुसता चोळला, आणि बंड्याला म्हणाल्या की खिडकी लाव रे गधड्या, गार वारं येतंय.

हे नाटक नाही. काकूंना नाटक जमत नाही.

मास्तरांच्या तोंडासमोर ओरडले. ते चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

परवा रविवार. परवा हाक मारतील. ठरलंय तसं.

रविवार, २९

ताटं तीन. माझी खुर्ची भिंतीला लावलेली.

मास्तरांनी जाहीर केलं की प्रयोग संपला. काकूंचा चेहरा उजळलाय. बंड्याच्या गालांवर पुरळ. मास्तर त्याला बाळा म्हणाले तर त्याचे डोळे भरून आले. मग डोळे पुसत त्याने विचारलं की मामा, आणि तिसरी?

मास्तर फळीकडे बघत राहिले. काहीतरी आठवत असल्यासारखे. मी त्यांच्या अगदी जवळ गेले. म्हटलं, मास्तर, मी. हाक मारा. नुसती हाक —

ते म्हणाले की तिसरीसाठी माणूस मिळालाच नाही ना. त्याला कोण तयार होणार.

काकूंनी भात वाढला. तिघांना.

मंगळवार, १

माझ्या खोलीत नवी मुलगी आली आहे. बंड्याने बॅग वर आणली. विचारलं, आत दगड भरलेत की काय. ती हसली. बॅग पलंगावर ठेवली — माझ्या पायांवर.

तिला ही वही दिसली. उघडीच ठेवली होती मी, मुद्दाम. तिने पानं उलटली, एकेक, सगळी. मी श्वास रोखून —

खाली जाऊन काकूंना म्हणाली की वर एक कोरी वही पडली आहे, घेऊ का. काकू म्हणाल्या, घे की पोरी.

कोरी.

गुरुवार, ३

काळं मनगटापर्यंत. पेन नीट धरवत नाही.

मुलीला वास येतो. काकूंना वाटतं बरणीचा. बरणीचं मेण अजून शाबूत आहे. रविवारी बरणी फेकायची, वरची खोली औषध टाकून घासून धुवायची असं ठरलंय. कोपरेसुद्धा. मी कोपऱ्यात —

ही अक्षरं तुम्हाला दिसत असतील तर कृपया उत्तर द्या. रविवार, ६ तारखेच्या आत. याच पानावर लिहा. नाहीतर आहात तिथेच मोठ्याने म्हणा. एक शब्द पुरे. शिवी चालेल. शिवी द्यायला निदान माझ्याकडे बघावं