न धुतलेला आवाज

१२ मार्च २०१२

आईनं आज जाहीर केलं — "पुष्पाचा ढावलो मले आइकू आला पाह्यजे. बाकी लग्नात काय करायचं ते करा."

झालं! माझ्या बहिणीचं, पुष्पाचं, लग्न अक्षयतृतीयेले. आईचा डावा कान कधीचाच गेला, उजव्यात जोरानं ओरडलं तं थोडंसं पोचते. शिबिरात मिळालेलं यंत्र तिनं दोन दिवस लावलं, कुईं-कुईं करते म्हणून ज्वारीच्या कोठीत टाकून दिलं. यवतमाळच्या डॉक्टरनं जे चांगलं यंत्र सांगितलं, त्याचं यंदा घरात नावच काढायची सोय नाही.

मी म्हटलं, मोबाईल आहे की! माइक आहे, इयरफोन आहे, मधात मी आहे. पुष्पानं इकडून म्हणायचं, आईनं तिकडून ऐकायचं. एक ॲप लिहायचं, आठ दिवसांचं काम.

(लिहून ठेवलं. पुढे हसायले कामी येईन.)

१४ मार्च

दिग्रसले दुकानात पियूषले ढावलो समजावता समजावता घसा बसला. मोबाईलचं दुकान आमचं भागीत, पण त्याचं घर तीन पिढ्यांचं कचेरीतलं. त्याले आमच्या बंजारा तांड्यातलं लग्न काय माहीत! सांगितलं — नवरी आईच्या गळ्यात पडून रडत-रडत गाते. मले दूर देऊ नका, मी तुमच्यावर एवढी जड झाली का, असं. पंचफुला काकी महिनाभर आधीपासून शिकवते.

"म्हणजे रडायची प्रॅक्टिस?"

"हाव."

"अन् खरंच रडू आलं तं?"

"तेबी त्याच चालीत."

पियूष म्हणे, भारी आहे तुमचं.

१९ मार्च

पहिली चाचणी. जागा — घराची पुढची खोली. भाव पडला म्हणून बाबांनी कापूस विकला नाही, तो तिथं छतापर्यंत भरून आहे. दारापाशी तिघं बसतील एवढी जागा. पण बावा, आवाजासाठी अशी खोली पुण्यातल्या स्टुडिओतबी नसन! घुमणं नावाले नाही. फक्त अंग खाजवते.

पुष्पानं आईले हाक मारली, "याडी, आइकू येते का?" आई तिच्या तोंडाकडे पाहत राह्यली. मंग दचकली. "ही आधी तोंड हालवते अन् मंग बोलते! भूत लागलं काय हिले?"

भूत नाही, उशीर. फोन आवाज आल्याबरोबर देतच नाही. आधी बादली भरते, मंग उचलून देते. गाणी वाजवायले चालते. समोरचं माणूस बोलत असन तं नाही चालत.

२२ मार्च

उशीर, उशीर, उशीर. डोकं फिरलं.

२७ मार्च

बादली लहान केली, उशीर बराच कमी झाला. तं नवीनच संकट! पुष्पानं ढावलोची सुरुवात केली — "याऽऽऽडी". आईले "या" ऐकू आला. पुढचं गायब.

कारण सापडलं. फोन आवाज धुऊन देते. लांब, एकसारखा सूर आला की त्याले वाटते पंख्याची घरघर आहे, अन् तो दाबून टाकते. बोलणं साफ यावं म्हणून कंपनीनं केलेली सोय. ढावलोत सगळे सूरच लांब. म्हणजे फोनच्या मते माझी बहीण टेबलफॅन आहे.

हे पुष्पाले सांगितलं. हसली नाही. आजकाल कशालेच हसत नाही. काकी म्हणते, लग्नाआधी पोरी अशाच होतात.

२९ मार्च

कंपनीच्या साइटवर जगभरातले प्रोग्रामर हेच मांगून राह्यले — माइकात शिरला तसा कच्चा आवाज द्या, अन् आत्ताच्या आत्ता द्या. कोणाले गिटार सुरात लावायची आहे, कोणाले छातीचे ठोके ऐकायचे आहेत. कधीपासून मांगतात बिचारे! कंपनीचं उत्तर एकच — नेमकं कशासाठी पाह्यजे ते कळवा.

मी कळवलं. माझ्या बहिणीचं रडणं माझ्या आईले ऐकवायचं आहे.

३१ मार्च

उत्तर आलं. कंपनीचं नाही, ब्राझीलच्या गिटारवाल्याचं. "तुमच्या दुःखात सहभागी आहे."

मी लिहिलं, अबे लग्न आहे. (इंग्रजीत.)

त्यानं विचारलं, मग ती रडते कायले?

लॅपटॉप बंद केला.

४ एप्रिल

लोडशेडिंग. काही नाही.

९ एप्रिल

बाबा भडकले. "पुण्याची नोकरी सोडून आला, अन् बहिणीच्या रडण्यावर मशीन लावून राह्यला! इकडे मांडवाले माणसं मिळून नाही राह्यले. भैताड कुठला!"

आईनं विचारलं, "काय म्हणून राह्यले?"

मी म्हटलं, काही नाही.

मंग ध्यानात आलं, आमच्या घरात आईशी सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य हेच. पुष्पा हेच म्हणते, बाबा हेच म्हणतात, शेजारीण हेच म्हणते. आईबी मान हालवून आपल्या कामाले लागते. लय वाईट वाटलं. जेवलो नाही.

१३ एप्रिल

सापडलं!!

फोनले एक मागचं दार आहे. बोलून नाव शोधायची सोय असते ना, तिच्यासाठी तो आवाज धुवत नाही. यंत्राले कच्चा लागतो, माणसाले धुतलेला — अशी यांची समजूत! मी आईले यंत्राच्या दारातून घुसवलं.

दुकानातल्या सगळ्या फोनवर करून पाह्यलं. एकाच हँडसेटवर धड चालते, अन् तो पियूषचा स्वतःचा. मांगितला.

"अन् मी काय काडीपेटी लावू कानाले?" म्हणे. पण दिला.

१५ एप्रिल

आईनं दिवसभर लावून ठेवला. न धुतलेला म्हणजे सगळंच येते — शेळ्या, मिक्सर, ट्रॅक्टर, बाबांचं खाकरणं. मले वाटलं वैतागून काढून टाकीन. तं बाई अंगणभर फिरून राह्यली!

"तुझा बाप अजूनबी एवढी बडबड करते? मले वाटलं सुधारला."

बाबा शेतात निघून गेले.

मंग चुलीपाशी बसून तिनं तव्यावरची भाकर ऐकली. कितीतरी वेळ. मले रडू आलं. पुष्पाले म्हटलं, कापसानं डोळे चुरचुरतात.

२० एप्रिल

नवरदेव आलता आर्णीहून, देवीलाल. साड्या दाखवायले. चांगला माणूस आहे. ॲपबद्दल नीट विचारलं, उशीर म्हणजे काय, बादली म्हणजे काय. आमच्या घरात असं कोणी विचारत नाही. पुष्पा विहिरीवर गेलती, तं तोबी तिकडे जाऊन आला. मंग चहा न घेताच निघाला. घाई असन.

२४ एप्रिल

बॅटरी चार्जिंगले लावायले खोलीत आलो, तेवढ्यात लिहून घेतो.

चाललं! चाललं!!

पुष्पा आईच्या गळ्यात पडली, काकीनं सूर धरून दिला, अन् पहिल्या "याऽऽडी"लेच आईचे डोळे भरले. सगळ्यांसोबत! मागून नाही! एक सूर गेला नाही. माझं सगळं ध्यान स्क्रीनवर. आवाजाची पट्टी काय नाचून राह्यली होती!

पुष्पानं शेवटी मनची कडवीबी जोडली. त्यानं विहिरीपाशी माझा हात मुरगळला, लग्न होऊ दे मंग दाखवतो म्हणाला, याडी मले त्याच्या जीपमध्ये बसवू नको — असं. पाहुण्या बायाबी हुंदके देऊन रडल्या. पंचफुला काकी म्हणे, "हे माह्या शिकवण्यातलं नाही! पोरीनं स्वतः रचलं." तांड्याचे नायक पूनमसिंग काका, ते कोणाले चांगलं म्हणत नाहीत, त्यांनीबी मान डोलावली. पियूष माझ्या पाठीवर थापा मारून राह्यला. आई तेवढी गप्प आहे. भारावली असन. जुनी बॅटरी काढून दुसरी टाकून दिली, तरी ती पुष्पाच्या बांगड्यांकडेच पाहून राह्यली.

ब्राझीलवाल्याले कळवलं पाह्यजे.

आई हाका मारून राह्यली. एवढ्या जोरानं काहून? जीप निघाली वाटते. जातो.

२५ एप्रिल

जीप रिकामी गेली. पुष्पा घरी आहे.

आईनं तिच्या बांगड्या कोपराच्या वर सारल्या अन् हिरवानिळा झालेला हात सगळ्या मांडवाले दाखवला. नायक आईले म्हणाले, "मानीबाई, ढावलोत सगळ्याच पोरी असं म्हणतात."

इयरफोन आईच्या कानातच होता. बाबांकडे पाहून म्हणाली, "हाव. मीबी म्हटलं होतं."