बाबांची गप्प बसायची पाळी

प्रिय इवो,

बाबांचं नाव दिसलं म्हणून लगेच पत्र मिटून ठेवू नकोस. तुमचं दोघांचं बोलणं नाही हे मी विसरलेले नाही. पण हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि त्यातलं बरंचसं हसण्यासारखं आहे.

आधी माझं. मी मजेत आहे. अजून दोन कॉलेजांत शिकवते आणि अजून गाडीची डिकी हेच माझं ऑफिस, पण गुरुवार संध्याकाळचा लेखन आणि साहित्याचा वर्ग म्हणजे माझा जीव की प्राण. येसेनिया संत्र्यांच्या पॅकिंगमधून थेट येते, हातांना सालींचा वास घेऊन. तिला नर्स व्हायचंय. पाओ ट्रक चालवतो. मध्यंतरी आम्ही एक कथा वाचली, तीत म्हातारी आई दारात आलेल्या मुलाला दार उघडत नाही. पाओ म्हणाला, "मॅडम, तिचं घर आवरलेलं नसणार. माझी आई अश्शीच करते." यावर वर्गात जे भांडण जुंपलं, ते पार्किंगमध्ये गाड्या सुरू होईपर्यंत मिटलं नाही. अशा संध्याकाळी वाटतं, मला आयुष्यात आणखी काही नको.

तर जानेवारीत पहिली हजेरी घेताना नाव आलं, गिल्बर्ट सिल्वेरा. वर बघते तर मागच्या रांगेत लिलावाची टोपी घालून बाबा! "हजर, प्रोफेसर!" मला एका शब्दानेही न सांगता वर्गात नाव घातलं होतं. आई गेल्यापासून घरात ऐकायला कुणी नाही म्हणून आलो, असं त्यांनी सगळ्यांना सांगूनही टाकलं. उभा जन्म गुरांचे लिलाव पुकारलेलं तोंड ते, दुसऱ्याला जांभई द्यायलासुद्धा सवड मिळेना. आईच्या पद्धतीचा गोड पाव करून आणतात म्हणून वर्ग सांभाळून घेतो. पाव करपतो, पण संपतो.

आमच्या वर्गात एक नियम आहे. ज्याने लिहिलं त्याने वाचायचं आणि मग गप्प बसायचं. बाकीचे बोलतात, तो ऐकतो. खुलासा करायचा नाही, बाजू मांडायची नाही. कुणी तोंड उघडलंच तर मी नुसतं एक बोट वर करते. मार्चमध्ये बाबांची पाळी आली.

त्यांनी आपली गुरं विकली त्या दिवसावर लिहिलं होतं. डेअरी तू चालवत होतास, तुला न विचारता त्यांनी सगळा कळप विकला आणि वर लिलावही स्वतःच पुकारला, हे मी तुला काय सांगू? पण त्यांचं लिखाण भारी विनोदी होतं. कुठली गाय कशी बिथरली, कुठल्या गिऱ्हाइकाला बोलीत कसं चढवलं. वर्ग पोट धरधरून हसत होता. मला हसू येईना.

मग येसेनिया म्हणाली, "मजा आली. पण सुरुवातीला एक मुलगा फाटक उघडतो आणि गाईंना नावाने हाक मारून बाहेर आणतो. तो पुढे गेला कुठे?" पाओ म्हणाला, "आणि कुठल्या नावाने? सगळीकडे नुसते कानातल्या बिल्ल्यांचे नंबर आहेत." बाबांनी तोंड उघडलं. मी बोट वर केलं. आणि इवो, ते तोंड मिटलं! मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. येसेनिया हळूच म्हणाली, "मुलगा कधी निघून गेला, याचा त्या माणसाला पत्ताच नाही. तो आपला पुकारतोच आहे." बाबांनी टोपी काढली आणि टोपीच्या आत बघत बसले. मला रडू आलं, पण मी मास्तरीण होते.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "ती एक कान फाटलेली होती, तिचं नाव काय होतं गं?" मला आठवेना. तेच म्हणाले, "इवोला माहीत असेल." मग घाईघाईने धुक्याबद्दल बोलायला लागले. किती वर्षांनी तुझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं, सांगू का? जाऊ दे.

तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा लिहितायत. आता विनोद थोडेच उरलेत, आणि जिथे गाईंची नावं यायची तिथे कोऱ्या जागा सोडल्यात. गेल्या गुरुवारी सगळे गेल्यावर टेबलाशी घुटमळले. "प्रोफेसर, शेवटच्या दिवशी घरची माणसं ऐकायला येतात म्हणे. तो गप्प बसायचा नियम तेव्हाही असतो का?" मी म्हटलं, असतो. "मग बरं," म्हणाले आणि पावाचा डबा उचलून निघून गेले.

तुला बोलव, असं ते मला कधीच म्हणणार नाहीत. म्हणून हे पत्र मी लिहितेय. मे महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी ये. ते वाचतील. त्यानंतर तू बोल. गाईंची नावं सांग, नाहीतर इतकी वर्षं मनात साठवलेलं सगळं ऐकव, तुला हवा तेवढा वेळ घे. ते मध्ये बोलणार नाहीत. मी शेजारीच बोट वर करून बसलेली असेन.

तुझी बहीण,
नोएलिया