ताडपत्रीखालची पऱ्हाटी

६ ऑगस्ट
कपाशीत डोमकळ्या. पहिल्या चार ओळींतच अकरा. फूल उमलतच नाही, फोडलं की आत गुलाबी बोंडअळी. वाळल्या झाडांत अळी दडून राहते, म्हणून डिसेंबरात पऱ्हाटी उपटून संपवायची, असा शब्द मी आणि बांधापलीकडच्या शाहीनआपानं एकमेकींना दिला होता. मग ही आली कुठून?

७ ऑगस्ट
गिरणीवर आपा भेटली. राहवलं नाही. चार बायांसमोर बोलले, "डिसेंबरात मी लेकीच्या बाळंतपणाला संभाजीनगरला होते, तू कपाशी ठेवून जास्तीची वेचणी काढलीस."
"अल्ला कसम नाय. बांधावरच जाळली. तुझ्या मालकाला इचार."
हे गाडीला पोतं बांधत होते. ऐकलं. दोरी आवळत राहिले. वाटलं, बायकांच्या भांडणात कशाला पडा म्हणून.

१० ऑगस्ट
आपा आता आमचा बांध टाळून ओढ्याकडून जाते. लांब पडतं तिला. जाऊ दे. शब्द तिनं मोडला.

१३ ऑगस्ट
विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं खत ठेवायला गेले. ताडपत्रीखाली आमचीच पऱ्हाटी. अख्खा ढीग, किडक्या बोंडांसकट. मला फोनवर सांगितलं होतं, "सगळी कुट्टी केली." एक बोंड फोडलं. दोन सरक्या चिकटलेल्या, मधे अळी. आठ महिने झाले, जिवंत.
ह्यांना विचारलं.
"आईला चुलीचीच भाकर लागती. सरपण नको?"
"मग गिरणीवर का नाही बोललात?"
"चार माणसांत कसं बोलणार?"
मी बोलले ना चार माणसांत. आपाला. सरपणाचं एक वेळ सोडून देईन. पण ते पोतं बांधत राहणं... सव्वीस वर्षं संसार केला ह्या माणसाशी.

१४ ऑगस्ट
ढीग पेटवला. खालून ओल धरलेला, धूरच जास्त. हे म्हणतात, "आता सांगून काय व्हणार? अळी तर आलीच. गावात तोंड दाखवायचंय." आणि पोटभर जेवले.

१६ ऑगस्ट
आपा एकटीच डोमकळ्या तोडत होती. बांधावरून म्हणाले, "आपा, आमच्याच..."
मान वर केली नाही. "अजून काय शोधायचं राह्यलं माझ्या वावरात?"
 ढीग जाळण्याआधी काढून ठेवलेल्या त्या सरक्या डबीत घालून नेल्या होत्या. डबी बांधावर ठेवून आले. कुठं गेली होतीस, ह्यांनी विचारलं. सांगितलं नाही.

१७ ऑगस्ट
डबी तिथंच. उघडलेलीही नाही.
उद्या दळण आहे. गिरणीवर बाया त्याच असतील, आपाला बोलले तेव्हाच्या. पोतं बांधायला हेच येतील.