अंबूताईंचा पाय

मळमड्डी, धारवाड
४ नोव्हेंबर २०२४

चि. पद्मनाभ यास,
अ. उ. आ.

फोनवर तू लगेच घाबरतोस, म्हणून लिहिते. महिनाभर झाला, माझं उजवं पाऊल उचलत नाही. चप्पल फरफटते. दुखत नाही, त्याचीच भीती वाटते. आपल्या जयतीर्थअण्णाचंही पावलापासूनच सुरू झालं होतं, आणि शेवटी चमचाही उचलेना. डॉक्टरांनी नसांची विजेची तपासणी सांगितली आहे. मी जाणार नाही. कळून काय करू? अंध मुलांसाठी गणिताची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते आहे, तेवढी पुरी होऊ देत.

तुझ्या सुखात सुख मानणारी,
अंबूताई


पुणे
९ नोव्हेंबर

ती. अंबूताईस,
सा. न.

अंदाजाने उत्तर लिहिलं म्हणून वर्गात तू किती जणांना उभं केलंस! आता स्वतःच अंदाजाने उत्तर लिहून बसलीस. मी वत्सलावहिनींना कळवलं आहे, रागाव हवं तर. अण्णाच्या तपासणीला त्याच शेजारी बसल्या होत्या. नको म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. पण म्हणाल्या, अंबूला मीच नेणार.

तुझ्या धाकात राहू इच्छिणारा,
पद्मनाभ


मळमड्डी, धारवाड
१६ नोव्हेंबर

चि. पद्मनाभ यास,
अ. उ. आ.

रागावले होते, आता नाही. कोप्पीकर रोडवर डॉक्टर दीपश्रींकडे जाऊन आलो. पोर लहान चणीची, पण काय हात आहे! ‘अक्का, स्वल्प तडकोरी,’ म्हणजे जरा सोसा, म्हणत तिनं गुडघ्यापाशी विजेचे झटके दिले. बाहेरच्या हाडाच्या खाली दिला की पाऊल टुणकन उडे, वर दिला की जेमतेम हले. नस तिथेच दबलेली! पायावर पाय टाकून तासन्‌तास रेकॉर्डिंग केल्याचा प्रताप. काही महिन्यांत पाऊल उचलेल म्हणाली.

पण ती तिथं थांबली नाही. अण्णाबद्दल मी अक्षर काढलं नव्हतं. वहिनींचा चेहरा पाहून तिनंच विचारून घेतलं. मग मांडी, पाठ, हात, सगळीकडे बारीक सुई घालून पाहिलं. आजारी स्नायू स्वस्थ असतानाही यंत्रात खरखरतो. अण्णाचा तो आवाज वहिनी विसरलेल्या नाहीत. दबलेल्या नसेखाली माझीही खरखर झाली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. बाकी कुठंच आवाज नाही.

वहिनी म्हणाल्या, यंत्राचा आवाज वाढवा. दीपश्रीनं पूर्ण वाढवला. तरी काही ऐकू आलं नाही. आम्ही तिघी ते ऐकत बसलो.

माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी,
अंबूताई