मागच्या बाकावरची जागा

१४ ऑक्टोबर
दुकानातून, दुपारी

प्रिय भिंगरी,

तुला भरभरून आशीर्वाद, आणि अर्धे होणाऱ्या जावयालाही. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण बाबांपेक्षा कमीच. ते मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासत बसलेत, गिऱ्हाईक नाही, म्हणून काउंटरवरच लिहायला घेतलं. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "आई, ऐक ना" म्हणतेस आणि मग मलाच ऐकत बसावं लागतं.

लग्नाची तारीख नोंदवून आलात, छान झालं. बाबांनी कोट काढून उन्हात टाकलाय. त्याला कसर लागलीय, पण ते कबूल करायला तयार नाहीत.

एक मात्र माझ्या लक्षात आलंय. पूर्वी तू दर फोनवर विचारायचीस, "काय गं, आज मंडळात कोणाला फैलावर घेतलंस?" हल्ली मंडळाचं नावही काढत नाहीस. तर न विचारताच सांगते.

पोलिसांविरुद्धची तक्रार आधी पोलिसांकडेच जायची, हे तुला माहीत आहे. म्हणजे तुमच्या चष्म्याने डोकं दुखतं असं सांगत कोणी आलं, तर तपासणारी मीच आणि निकाल देणारीही मीच, की चष्मा उत्तम आहे, तुमचं डोकंच तसलं. मग नवा कायदा आला आणि तीन जणांचं स्वतंत्र मंडळ झालं. त्यातली एक जागा साध्या नागरिकाची, ज्याचं पोलिसात रक्ताचं किंवा लग्नाचं जवळचं नातं नाही अशा माणसाची. माझी निवड झाली तेव्हा तूच म्हणाली होतीस, "आई, तुझ्या चौकसपणाला अखेर सरकारी मान्यता मिळाली."

आम्हाला शिक्षा करता येत नाही. निष्कर्ष लिहून पाठवायचा, बस. सुरुवातीला मला वाटलं होतं, हे म्हणजे बिनदातांचं तोंड. पण आमचं म्हणणं मानायचं नसेल तर खात्याला त्याचं कारण लेखी द्यावं लागतं आणि ते विधिमंडळापुढे ठेवावं लागतं. ते कारण लिहिताना साहेबांना जो घाम फुटतो, तो पाहण्यासारखा असतो.

मला तर त्या कायद्याचा नादच लागला. संध्याकाळी मी एक खेळ खेळते. एक कलम वाचायचं आणि ओळखायचं, कोणी काय लबाडी केली असेल म्हणून हे लिहावं लागलं? तक्रार मागे घ्यायची तर ती मंडळापुढे येऊनच घ्यावी लागते. का? तर कोणाला तरी ठाण्यात बसवून "मागे घेतो" म्हणून सही करायला लावली असणार. एखादा सदस्य मधेच उठला, तर नव्या सदस्यासमोर साक्ष पहिल्यापासून घ्यायची, नुसते कागद वाचून चालायचं नाही. का? तर कोणीतरी माणसाचा चेहराही न बघता निकाल दिला असणार. बाबा म्हणतात, लोक शब्दकोडी सोडवतात, हिचं काहीतरी भलतंच.

आमच्यापुढे एक किल्लीवाला आहे. फुटपाथवर बसून किल्ल्या करून देतो. रात्री घरी जाताना पिशवीत कानस, हातोडी आणि किल्ल्यांचा जुडगा सापडला, म्हणून त्याला ठाण्यात नेलं. त्याच्या पेशात पिशवीत दुसरं काय सापडणार? तिथे एका हवालदाराने कानाखाली मारली. तेव्हापासून डाव्या कानाने ऐकू येत नाही. हे सगळं त्याने त्याच ठाण्यात सांगितलं, मग वरच्या साहेबांना, डॉक्टरांना, वकिलाला, आणि मग आम्हाला. आमच्यापुढे सांगताना तो रिकाम्या मुठीत बोटं अशी फिरवत होता, जशी किल्ली घासून बघतात तशी. संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, हे शेवटचं ना?"

मी म्हणाले, "शेवटचं."

मग तू तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला जेवायला घेऊन आलीस. मुलगा मला आवडला, हे आधी सांगून टाकते. "सरकारी नोकरी" एवढंच तू सांगितलं होतंस. भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड अशी खुर्ची त्याने बरोबर हेरली. बूट आरशासारखे. तरी मी मनाला समजावत राहिले, की असतो एखादा टापटिपीचा. मग आपला नळ गळताना पाहून त्याला त्यांच्याकडचा नळवाला आठवला आणि तो म्हणाला, "सदर इसम दोन तास उशिरा आला." तू टेबलाखालून त्याला लाथ मारलीस. ती मला लागली.

बाबांना अजून वाटतंय, जावई कोर्टात कारकून आहे.

आणि मी, जी रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही चष्मा कुठून घेतला म्हणून विचारते, त्या मी "पोलिसात आहेस का?" एवढंही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना. तो प्रश्न ओठांआड ठेवून पुढच्या दोन सुनावण्यांना मी खुर्चीत बसले. मला ती खुर्ची सोडायची नव्हती, भिंगरी. जन्मभर लोकांना "पहिलं बरं की दुसरं" विचारत आले, आणि त्या खोलीत मात्र माझ्या विचारण्याने कोणाचं तरी काही बदलत होतं. शिवाय किल्लीवाल्याला दिलेला शब्द होताच. तो मी स्वतःला सारखा पुढे करून दाखवायची.

तुला पत्र लिहायचं ठरवलं होतं, पण हे नव्हे. लग्न महिनाभर पुढे ढकल, असं लिहिणार होते. नातं लग्नाच्या दिवसापासून धरतात. तोवर निकाल लागला असता, कायदाही कुठे मोडला नसता. सुचलं तेव्हा स्वतःवर खूश झाले. मग नेहमीसारखं कलमं घेऊन बसले आणि सहज मनात आलं, हा कायदा उद्या दुरुस्त झाला तर नवं कलम कोणाच्या लबाडीमुळे लिहावं लागेल? एका बाईने निकाल देता यावा म्हणून मुलीचं लग्न पुढे ढकललं. घाम फुटला गं मला.

सोमवारी अध्यक्षबाईंना सांगितलं. त्या जुन्या न्यायाधीश, चेहऱ्यावर रेघ हलत नाही. म्हणाल्या, "लग्न झालेलं नाही, तेव्हा तुम्ही बसू शकता, निकाल त्याआधी लावता येईल. पण दोन्ही बाजूंना सांगायचं. एकाचीही हरकत आली तर उठायचं."

तसं भर खोलीत सांगितलं. हवालदाराचे वकील लगेच म्हणाले, "आमची अजिबात हरकत नाही, उलट अभिनंदन!" ते इतकं गोड होतं, की मला तिथल्या तिथे उठावंसं वाटलं. किल्लीवाल्याने उजवा कान पुढे केला.

"जावई पोलीस?"

"होणार आहे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"मागच्या दोन सुनावण्यांच्या आधी."

त्याने रिकाम्या मुठीत बोटं एकदा फिरवली. मग म्हणाला, "माझी हरकत आहे."

अध्यक्षबाईंनी समजावलं, की नवीन सदस्य येईल आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. तो म्हणाला, "कळलं. सांगीन. आजवर सगळ्यांनी सांग म्हटलं म्हणून सांगितलं. तुला चालेल का, असं आज पहिल्यांदा विचारलं."

मी उठले. खुर्चीवरची माझी उशी तिथेच राहिली, ती आणायला परत जायची हिंमत झाली नाही. बाहेर पॅसेजमध्ये तो पाण्याच्या नळापाशी उभा होता. मी त्याची माफी मागितली. शेवटचं म्हणाले होते आणि ते खोटं ठरलं.

"राग नाही बाई," तो म्हणाला. "तुम्ही नीट विचारता. पण निकाल माझ्या विरुद्ध गेला असता, तर जन्मभर वाटलं असतं, जावयामुळे गेला. आता गेला तर निदान कोणाच्या जावयामुळे नाही."

नात्यागोत्याच्या त्या कलमामागची लबाडी ओळखायला मी किती संध्याकाळी घालवल्या होत्या. ते कलम लबाडांसाठी नव्हतंच, त्याच्या झोपेसाठी होतं.

पुढची सुनावणी ऐकायला आले तर चालेल का, असं मी विचारलं. सुनावणी खुली असते, मागच्या बाकावर कोणीही बसू शकतं. तो हसला. "या की. तुम्हाला तर पाठच असेल. मी अडखळलो तर मागून सांगू नका म्हणजे झालं."

घरी येऊन खूप रडले. बाबांनी माझा चष्मा घेऊन पुसून दिला. तुझ्यावर रागावलेय, तेही लिहून टाकते. पोलीस निवडलास म्हणून नाही. मला सांगितलं तर मी खुर्ची निवडेन, अशी तुला भीती वाटली म्हणून. आणि ती भीती अगदीच खोटी नव्हती, याचा राग माझा माझ्यावर.

लग्नाची तारीख एक दिवसही हलवायची नाही. सुनावणी त्यानंतरच्या आठवड्यात आहे. मला आहेर एवढाच हवा, की त्याला घेऊन ये. साध्या कपड्यांत. मी त्याला शिकवणार नाही, टोचणार नाही. बाहेर आल्यावर एकच विचारीन, "काय दिसलं?" दुकानात विचारते तसंच, उत्तर त्याच्या तोंडात न घालता. काय सांगतो ते ऐकायची मला खरोखर उत्सुकता आहे.

मात्र त्याला आधीच सांगून ठेव. त्या बाकाला टेकायला भिंत नाही आणि दार पाठीमागे येतं. अवघड वाटेल. सवय होईल.

तुम्हा दोघांसाठी तिथे जागा धरून बसणारी,
तुझी आई